एलटीसीचा क्लास: पोलिसाने गाडी थांबवली तर हात कुठे ठेवायचे, निदान एवढ्यासाठी तरी प्रत्यक्ष जाऊन करा

टेक्सासमधले आपले बरेच लोक मला बंदुकीच्या परवान्याबद्दल विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मागच्या वर्षी मी लायसन्स टू कॅरीचा म्हणजे एलटीसीचा, हँडगन जवळ बाळगायच्या परवान्याचा, क्लास केला. शनिवारी सकाळी आठला सुरू, पाच तास वर्गात, मग रेंजवर शूटिंग. क्लासची फी ९० डॉलर, स्टेटला भरायचे ४० वेगळे. नाव लिहीत नाही कारण तक्रारीही आहेत आणि शिकवणारा माणूस मनाने चांगला आहे. पाचपैकी चार स्टार, आणि त्यातले तीन एका तासाचे आहेत, तो तास कुठला ते खाली येईलच.

आधी एक महत्त्वाचं. एच-वन-बी किंवा इतर नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर यात पडू नका, फेडरल कायद्यानेच बंदूक जवळ ठेवायला मनाई आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत पण मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका, वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड आणि सिटिझनशिप असलेल्यांना चालतं. आणि हो, १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेक लोकांना लायसन्सशिवायही हँडगन बाळगता येते, मग पैसे कशाला घालवायचे असं सगळे म्हणतात. मी घालवले कारण लायसन्स असलं की बऱ्याच दुसऱ्या स्टेट्समध्ये ते चालतं, शाळेच्या आसपासच्या फेडरल बंदूकबंदीच्या झोनमधून जाताना अडचण येत नाही, दुकानात नवीन बंदूक घेताना वेगळा बॅकग्राउंड चेक लागत नाही. ही झाली कागदावरची कारणं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. चोराची नाही. कंबरेला पिस्तूल आहे आणि मागे लाल-निळे दिवे लागलेत, तेव्हा मी काय करेन याची.

सुरुवातीचे दोन तास ठीकठाक. बळाचा वापर कधी करता येतो, भांडण शब्दांवर कसं मिटवायचं, घरात मुलं असतील तर बंदूक कुलपात कशी ठेवायची, दारावरचे ३०.०६ आणि ३०.०७ चे, म्हणजे आत बंदूक आणू नका असं सांगणारे, बोर्ड कसे वाचायचे, बारच्या ५१ टक्केवाल्या लाल बोर्डाचा, म्हणजे इथे बंदूक चालत नाही असं सांगणाऱ्याचा, अर्थ काय. माहिती बरोबर होती पण स्लाइड्स जुन्या होत्या, अर्ध्यांवर अजून सीएचएल हे लायसन्सचं जुनं नाव लिहिलेलं, ते २०१६ च्या जानेवारीत बदललं. नवीन माणूस गोंधळतो ना, फॉर्मवर एक नाव आणि पडद्यावर दुसरं. पैसे घेताय तर एवढं तरी बदला.

मग चहाकॉफीच्या सुट्टीनंतर इन्स्ट्रक्टरने दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्या, समोर एक जुनं स्टीअरिंग, आणि म्हणाला ही तुमची गाडी. तो स्वतः रिटायर्ड पोलीस ऑफिसर, पंचवीसेक वर्षं गस्तीवर काढलेली. निळी प्लास्टिकची खोटी बंदूक प्रत्येकाच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे कंबरेच्या पिस्तुलाच्या कव्हरमध्ये, घालायला लावली, खोलीतले दिवे घालवले, हातात टॉर्च घेतला आणि एकेकाला "थांबवायला" लागला. आम्ही चौदा जण होतो, भारतीय मी एकटा.

माझी पाळी आली तेव्हा मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो. टॉर्च तोंडावर आला, "लायसन्स आणि इन्शुरन्स" असं म्हणाला, आणि मी अगदी व्यवस्थित सांगायला लागलो की माझ्याकडे लायसन्स टू कॅरी आहे वगैरे, तर तो मध्येच म्हणाला, तुझा उजवा हात कुठे आहे बघ. मी बघितलं. हात मागच्या खिशाकडे गेला होता, पाकीट काढायला. मला कळलंच नव्हतं. पाकीट उजव्या मागच्या खिशात, होल्स्टर उजव्या कंबरेला, दोघांमध्ये चार बोटांचं अंतर. अंधारात टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काय दिसलं असेल? मी पाकिटाकडे गेलो की पिस्तुलाकडे, हे त्याने कसं ओळखायचं? अंगावर काटा आला माझ्या, खोटं सांगत नाही.

चौदापैकी नऊ जणांनी हीच चूक केली. त्याने सगळ्यांना उभं करून पाकीट डाव्या पुढच्या खिशात टाकायला लावलं आणि सांगितलं आजपासून ते तिथेच, बंदूक घरी असली तरी तिथेच, कारण हात सवयीने चालतो, विचाराने नाही. गाडीचे कागद ग्लव्ह बॉक्समध्ये आणि बंदूकही ग्लव्ह बॉक्समध्ये हे तर कधीच नको.

कायदा काय म्हणतो तेही त्याने नीट सांगितलं. बंदूक जवळ असताना पोलिसाने ओळखपत्र मागितलं तर ड्रायव्हिंग लायसन्स आणि एलटीसी दोन्ही दाखवायचे. २००९ पासून न दाखवण्याला शिक्षा उरलेली नाही, पण शिक्षा नाही म्हणून न दाखवणं त्याला अजिबात पटत नव्हतं, आणि मलाही पटत नाही, कारण टेक्सासच्या पोलिसाला तुमचं लायसन्स कॉम्प्युटरवर टाकलं की एलटीसी आहे हे दिसतंच, मग आपण लपवतोय असं कशाला वाटू द्यायचं. सांगायचं कसं यावर त्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला. "गन" हा शब्द वाक्यात पहिला येऊ द्यायचा नाही. मागून पळणाऱ्या ट्रकच्या आवाजात पोलिसाच्या जोडीदाराला तेवढा एकच शब्द ऐकू गेला तर? आधी दोन्ही हात स्टीअरिंगवर वर, बोटं उघडी, गाडी बंद, आतला दिवा लावलेला, काचा खाली. मग हळू आवाजात, "ऑफिसर, माझ्याकडे लायसन्स टू कॅरी आहे आणि आत्ता मी कॅरी करतोय, मी काय करू ते तुम्ही सांगा." आणि गप्प. त्याचं उत्तर येईपर्यंत बोटसुद्धा हलवायचं नाही. पाकीट काढायचं तर आधी सांगायचं की डाव्या खिशात आहे, डाव्या हाताने काढतो, चालेल का, आणि चालेल म्हटल्यावरच काढायचं.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी माझ्या पदरच्या. एक, आपण इंग्रजी भरभर बोलतो, घाबरलो की अजूनच, आणि शब्दावरचा जोर इथल्यापेक्षा वेगळ्या जागी पडतो. मी हे वाक्य तीन वेळा म्हटलं तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं. त्यामुळे घरी आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणा, सावकाश. दुसरी, भारतात पोलिसाने थांबवलं की आपण गाडीतून उतरून कागद घेऊन त्याच्याकडे चालत जातो, बसून राहणं उलट उद्धटपणा वाटतो. इथे बरोब्बर उलटं आहे. दार उघडून उतरलात की तो धोका समजतो, आणि कंबरेला पिस्तूल असताना तर विचारूच नका. तो उतरा म्हणाला तरच उतरायचं, आणि म्हणाला तर वाद नको, सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच ठरवलंय की कायदेशीर स्टॉपमध्ये पोलीस ड्रायव्हरला बाहेर यायला सांगू शकतो.

मागच्या रांगेतल्या एका कृष्णवर्णीय मुलाने हात वर केला आणि फिलँडो कॅस्टीलचं विचारलं. खोली एकदम शांत. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, ६ जुलै २०१६, मिनेसोटामधलं फाल्कन हाइट्स. कॅस्टीलकडे परमिट होतं. पोलिसाने लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं, त्याने इन्शुरन्सचं कार्ड दिलं आणि शांतपणे, सर म्हणून, स्वतःहून सांगितलं की माझ्याजवळ फायरआर्म आहे. पुढच्या काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या, त्यात कॅस्टील गेला. गाडीत त्याची मैत्रीण होती आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. त्या मुलाने विचारलं, त्याने तर सांगितलं होतं ना, मग? मला वाटलं इन्स्ट्रक्टर आता पोलिसाची बाजू घेणार. तो म्हणाला, हो, सांगितलं होतं, आणि तो गेला, आणि मी तुला गॅरंटी देऊ शकत नाही. मी फक्त तुझ्या बाजूने जेवढं कमी करता येईल तेवढं शिकवतो, बाकीचं आमच्या लोकांनी शिकायला हवं. एवढं बोलून तो थोडा वेळ थांबला, मग पुढच्याची पाळी. हा माणूस मला तिथे आवडला. खोटा धीर देणारा असता तर मी दोन स्टार दिले असते.

बंदूक काढून घेण्याबद्दल अनेकांचा गैरसमज असतो म्हणून लिहितो. तुमच्या, स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या सुरक्षेसाठी गरज आहे असं पोलिसाला रास्तपणे वाटलं तर तो बंदूक तात्पुरती घेऊ शकतो, आणि तुमच्याकडून धोका नाही, अटक करायची नाही असं ठरलं की तुम्हाला सोडण्याआधी ती परत द्यायची असते. आपण स्वतः काढून द्यायची नाही, मदत म्हणूनही नाही. त्याला घेऊ द्या. परत देताना रिकामी करून ट्रंकमध्ये ठेवली तर तिथे रस्त्यावर भरायला बसू नका, पुढे कुठेतरी थांबून भरा. पटलं नसेल तर तक्रार नंतर लेखी करा, रस्त्याच्या कडेला नाही.

शेवटची पंधरा मिनिटं, गोळीबार झालाय आणि तुम्ही स्वतःला वाचवलंय, आता पोलीस येतायत, तेव्हा काय. त्याने जॉनी हर्लीचं उदाहरण दिलं, जून २०२१, कोलोरॅडोमधलं अर्व्हाडा. हर्लीने हल्लेखोराला गोळी घालून थांबवलं, मग त्याची रायफल उचलली, आणि येणाऱ्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून मारलं. धोका संपला की हात रिकामे, हे डोक्यात बसायला तेवढं उदाहरण पुरे झालं.

आता क्लासमध्ये जे नव्हतं ते. पाच महिन्यांनी एका फार्म रोडवर रात्री मला खरंच थांबवलं, मागचा एक दिवा गेला होता. मी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं, हात वर, दिवा, काचा. आणि ट्रूपर, म्हणजे स्टेटचा पोलीस, आला तो माझ्या बाजूने नाही, बायकोच्या बाजूने! तिच्या खिडकीत टॉर्च आला, त्याने इन्शुरन्स म्हटलं, आणि ती बिचारी मदत करायला म्हणून पटकन ग्लव्ह बॉक्स उघडायला गेली. माझं वाक्य अजून अर्धंच झालं होतं. ट्रूपर एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, मॅम, प्लीज, हात. ती गोठली. मी समोर बघत, हात तसेच ठेवून, सावकाश सांगितलं की माझ्याकडे लायसन्स टू कॅरी आहे, उजव्या कंबरेला होल्स्टरमध्ये आहे, ग्लव्ह बॉक्समध्ये फक्त कागद आहेत. तो म्हणाला ठीक आहे, राहू दे तिथेच, मग तिला सांगितलं आता सावकाश उघडा. पुढे सगळं सरळ झालं, वॉर्निंग दिली, दिवा बदलून घ्या म्हणाला, सात-आठ मिनिटांचा मामला. पण घरी पोचेपर्यंत ती काही बोलली नाही आणि मीही नाही. चूक तिची नव्हती. तिला कोणी शिकवलंच नव्हतं, मीसुद्धा नाही, मी स्वतःचेच हात सांभाळत बसलो होतो. क्लासमध्ये शेजारची खुर्ची दिवसभर रिकामी होती हो. तिच्यात कोणाला तरी बसवायला हवं होतं.

दुसरी तक्रार, बाकीच्या स्टेट्सबद्दल जेमतेम पाच मिनिटं. टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितल्यावर दाखवायचं, पण मिशिगनमध्ये पोलिसाने थांबवल्या थांबवल्या स्वतःहून सांगावं लागतं, नाही सांगितलं तर दंड आहे आणि लायसन्सही सस्पेंड होतं. नॉर्थ कॅरोलायनातही स्वतःहून सांगायचं. ओहायोने २०२२ मध्ये बदललं, आता विचारल्यावर. मी बहिणीकडे मिशिगनला गाडीने जाणार होतो, हे सगळं मला स्वतः शोधावं लागलं.

रेंजचं काय सांगू, घाईत उरकलं पण अवघड नाही. ५० गोळ्या, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. लेखी परीक्षा २५ प्रश्नांची, लक्ष देऊन बसलात तर होऊन जाते. ऑनलाइन क्लासही मिळतो, त्यात फक्त रेंजला जावं लागतं, पण तिथे तुमचा हात खिशाकडे गेला हे कोण सांगणार?

मी इन्स्ट्रक्टरला सगळं ईमेलवर कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, पुढच्या बॅचपासून शेवटचा दीड तास घरातलं कोणीही फुकट येऊन बसू शकतं, शेजारच्या खुर्चीत. बायको त्या शनिवारी जाणार आहे. गाडीचे कागद तोवर ग्लव्ह बॉक्समधून काढून माझ्या बाजूच्या सन व्हायझरला अडकवलेत.