कडू दुधी आणि साडेतेवीस हजार

पतसंस्थेत बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पावत्या तपासते आहे. पावतीवर सही नसली तर समोरच्याला उभं करून परत पाठवते. त्याच मी गेल्या वर्षी साडेतेवीस हजार रुपये एका अनोळखी माणसाच्या खात्यात घातले, आणि पावती मागितलीसुद्धा नाही. हे आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे पुढचं लिहिताना अवघडायला नको.

पावसाळ्यात तपासणीत साखर काठावर आली. एका लग्नात मावसबहीण भेटली, चांगली सडसडीत झालेली. म्हणाली, तीन महिने रॉ व्हिगन केलं. म्हणजे शिजवायचं नाही, साधारण ४८ अंशांच्या वर काही तापवायचं नाही, आणि दूध, दही, तूप, मध सगळं बंद. फळं, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, सुकामेवा, एवढ्यावर राहायचं. मला वाटलं, यात काय मोठं? कोशिंबिरी, पचडी, भिजवलेली मटकी आपल्याकडे आहेच की. पण मोबाइलवर दोनदा शोधलं आणि तिसऱ्या दिवसापासून जाहिराती सुरू झाल्या. त्यात एक होती पुण्याजवळच्या शेतावरची. ओल्या मातीचं गाजर हातात धरलेली एक बाई, खाली लिहिलेलं, 'किचनची शेगडी बंद, आरोग्य सुरू'.

योजना अशी होती. कोल्ड प्रेस ज्यूसर, डिहायड्रेटर म्हणजे फळं-भाज्या सुकवायचं यंत्र, आणि भाजीचे सर्पिल तुकडे करायचं यंत्र, असा संच १३,९०० रुपये. दर शनिवारी घरपोच सेंद्रिय भाज्या-फळांची पेटी, बारा आठवडे, १२,६०० रुपये. दोन्ही एकदम घेतलं तर तीन हजारांची सूट. पैसे भरताना पडद्यावर शेताचं नाव न येता कोणा एका माणसाचं नाव आलं. मी विचारलं. पलीकडचा मुलगा गोड बोलणारा. "ताई, मालकांचं पर्सनल खातं आहे. कंपनीच्या खात्यावर घेतलं तर तुम्हालाच जीएसटी पडेल." मी रोज हिशेब बघणारी बाई, आणि हे वाक्य मला पटलं! कर वाचतो म्हटलं की आपली बुद्धी कशी मऊ पडते ते मी स्वतःवरून सांगते.

पहिल्या दोन पेट्या मात्र दृष्ट लागण्यासारख्या होत्या. लेट्यूस करकरीत, चेरी टोमॅटो, बीट पानांसकट, अंबाडी, चुका, दोन अवोकाडो. पहिल्याच रविवारी मी काकडी, बीट आणि ओल्या खोबऱ्याची कोशिंबीर केली, माझ्या निळ्या काठाच्या, कडेला टवका उडालेल्या बशीत मांडली आणि फोटो त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली चार ओळी कौतुकाच्या. ते वाचून माझी नणंद आणि ऑफिसमधली एक मुलगी, दोघींनी पैसे भरले. याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसऱ्या पेटीपासून उतरण लागली. पालक पिवळा, कोथिंबीर चिकट, लेट्यूस खालून काळं पडलेलं. तक्रार केली की उत्तर तयार. पान सुकलं? "रसायन नाही ना ताई, म्हणून टिकत नाही." भोकं पडली? "किडीला कळतं शुद्ध काय ते." पेटी शनिवारऐवजी मंगळवारी आली? "सकाळी तोडूनच पाठवतो, पाऊस होता." भाजीला चिखल? तर त्यावर मोठं व्याख्यानच आलं, की भाज्या फार धुऊ नका, व्हिगन माणसाला बी-१२ मातीतूनच मिळतं. वाईट माल विकणारे पुष्कळ असतात. पण मालातली प्रत्येक खोट शुद्धतेचा पुरावा म्हणून गळी उतरवणारे मी पहिल्यांदा पाहिले. एकदा ही सवय लागली की तुम्ही स्वतःच त्यांच्या वतीनं बोलायला लागता. आमचे हे एकदा सुकलेली मेथी उचलून म्हणाले, "ही मंडईत वीस रुपयांनाही कुणी घेणार नाही." मी त्यांना सेंद्रिय शेतीवर दहा मिनिटं ऐकवलं.

ज्यूसरची गंमत वेगळीच. तो सुरू केला की मिक्सरसारखा कर्कश आवाज. रसावर बोटभर फेस आणि पाच मिनिटांत पाणी खाली, गाळ वर. मला वाटलं, असंच असतं. शेवटी एका रविवारी पिशवीत घालून रविवार पेठेत बोहरी आळीत नेला. दुकानदारानं झाकण काढलं आणि हसायलाच लागले. "मॅडम, यात स्क्रू कुठाय?" मग त्यांनी दोन यंत्रं शेजारी ठेवून दाखवली. खऱ्या कोल्ड प्रेसमध्ये जाड स्क्रू असतो, तो मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांनी हळूहळू फिरतो आणि फळ जाळीवर दाबत नेतो. चोथा जवळजवळ कोरडा बाहेर पडतो आणि आवाज नुसता घुमल्यासारखा येतो. माझ्या यंत्रात किसणीसारखी दातेरी चकती आणि जाळीची टोपली, म्हणजे साधा सेंट्रिफ्यूगल ज्यूसर, मिनिटाला हजारो फेरे घेणारा. बुडाला चिकटवलेला चकचकीत स्टिकर त्यांनी नखानं सोलला. खालचा मूळ स्टिकर वेगळ्याच नावाचा होता आणि त्यावर १८,००० फेरे छापलेले होते. खोक्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आयात करणाऱ्याचा नाही, कमाल किंमत नाही. पॅकबंद वस्तूवर हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. "फार तर दोन हजाराची वस्तू," ते म्हणाले. तेव्हा ज्यूसर घेताना झाकण उघडून आत बघा आणि उचलून बघा. स्क्रूवाल्याला हाताला चांगलं वजन लागतं. माझा मी एका बोटावर लोंबकळवत आणला होता.

डिहायड्रेटरमध्ये तापमानाचा खटकाच नव्हता, फक्त चालू आणि बंद. आतमध्ये थर्मामीटर ठेवला तर सत्तरी ओलांडली. त्यापेक्षा गच्चीवरचं ऊन बरं.

आणि काजू. व्हिगन चीजसाठी 'रॉ काजू' म्हणून त्यांनी अर्धा किलो वेगळे विकले, बाजारभावाच्या दुप्पट दरानं. वेंगुर्ल्याच्या आत्याला फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलं, तर ती म्हणाली, "गो, काजी भाजल्याशिवाय नायतर वाफवल्याशिवाय फोडतले कशे? तेल हाताक लागला तर कातडी सोलता." खरंच आहे. काजूच्या टरफलात भाजणारं तेल असतं, म्हणून बी आधी भाजतात किंवा वाफवतात, मगच फोडतात. दुकानातला पांढराशुभ्र काजूगर म्हणूनच कच्चा नसतो. व्यापारात 'रॉ' म्हणजे टरफलासकट बी, नाहीतर नुसता न खारवलेला गर. कच्चा हवा तर उन्हाळ्याच्या तोंडावर कोकणात मिळणारे ओले काजूगर. ते अर्ध्या किलोचं पाकीट मी अजून जपून ठेवलंय, रागानं.

एवढं कळूनही मी ग्रुप सोडला नव्हता. बारा आठवड्यांचे पैसे अडकलेले, निदान माल तरी वसूल करू, हा विचार. त्याची किंमत चौथ्या पेटीत मोजली.

त्या पेटीत दुधी होता. कोवळा, लुसलुशीत, दिसायला झकास. सकाळी उपाशीपोटी रस काढला. पहिलाच घोट कडू, कारल्याहून कडू, जीभ आकसून गेली. ग्रुपवर विचारलं. दोन मिनिटांत उत्तर, "देशी वाणाला कडवटपणा असतोच ताई, तोच लिव्हर साफ करतो. लिंबू पिळा." मी लिंबू पिळलं आणि अर्धा ग्लास संपवला. तासाभरात पोटात पीळ, मग उलट्या, त्यानंतर जुलाब. यांनी रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं आणि 'दुधीचा रस' ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "कडू होता? आणि तरी प्यायलात?" सलाइन लावून रात्रभर ठेवून घेतलं.

काकडी-दुधीच्या कुळात कुकरबिटासिन नावाचं कडू विष असतं. एरवी ते नगण्य असतं, पण एखाद्या फळात भरमसाट उतरतं. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा कडू रस पिऊन मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीनं साधा नियम सांगितला: रस काढण्याआधी एक फोड चाखा, कडू लागली तर दुधी फेकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका. मिसळला की कडवटपणा झाकला जातो, म्हणून. माझ्या आजीला हे परिषदेशिवाय माहीत होतं. काकडीचं देठ कापून ती आधी जिभेला लावून बघायची. निघताना डॉक्टरांनी बी-१२चंही ऐकवलं. दूध पूर्ण सोडायचं असेल तर गोळी घ्या आणि रक्त तपासत राहा. न धुतलेल्या भाजीतून बी-१२ नाही, जंत मिळतील.

घरी आल्यावर मात्र माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. त्यांनी सुरुवातीला पाठवलेलं 'सेंद्रिय प्रमाणपत्र' पहिल्यांदा नीट वाचलं. असं प्रमाणपत्र देताना सोबत पिकांची यादी असते, क्षेत्र असतं, मुदत असते. या यादीत पिकं दोनच होती, हळद आणि आलं. मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. कोणा बिचाऱ्या शेतकऱ्याचा कागद उचलून वरचं नाव बदललेलं. पेटीवरचा अन्नसुरक्षा परवाना क्रमांक चौदा आकडी होता, तेवढं त्यांनी जमवलं होतं. पण तो एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर घालून बघितला, तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका फरसाणवाल्याचा निघाला. हे बघायला मला चार मिनिटं लागली. पैसे भरायच्या आधीही चारच लागली असती.

पाचवी पेटी आली ती शेवटची. लेट्यूसच्या गड्ड्याखाली ओली होऊन चिकटलेली एक चिठ्ठी सापडली, मार्केट यार्डातल्या गाळ्याचा नंबर छापलेली, मागे पेननं वजन आणि भाव. रविवारी पहाटे आम्ही दोघं गुलटेकडीला गेलो. गाळा सापडला. तिथे परदेशी भाज्यांचे ढीग होते, तेच लेट्यूस, तीच ब्रोकोली, थर्मोकोलच्या खोक्यांत. गाळेवाल्याची काही चूक नाही. तो जे विकतो ते साधं म्हणूनच विकतो. माझ्या एक हजार पन्नासच्या पेटीचा माल मी तिथे भाव विचारून जोडला, तर तीनशेच्या आत बसला.

त्यांनी दिलेल्या पत्त्यावरही गेलो. चाकणच्या बाजूचा गट नंबर होता. शोधत पोचलो तर मंगल कार्यालयाचं पार्किंग. वॉचमन खुर्चीतून न उठताच म्हणाला, "भाजीवाले ना? या महिन्यात तुम्ही तिसरे."

त्या रात्री ग्रुपवर सगळं लिहिलं. अकरा मिनिटांत मला काढून टाकलं. नंतर फोन बंद.

तक्रारी केल्या. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, पण तो पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, रक्कम समोरच्या खात्यात असतानाच ती गोठवता येते. मी सात आठवड्यांनी लावला. तक्रार नोंदवून क्रमांक मिळाला, खातं मात्र केव्हाच रिकामं झालेलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण नोटीस धाडायला पत्ता लागतो आणि माझ्याजवळ पार्किंगचा पत्ता होता. पावती असती तर काहीतरी धरायला मिळालं असतं. ऑफिसमधल्या मुलीचे पैसे मी माझ्या खिशातून परत केले. नणंद नको म्हणाली, पण दिवाळीला माझ्याकडे आली तेव्हा कोशिंबिरीकडे बघून हसली.

आता सकाळचं आणि दुपारचं खाणं कच्चं, रात्री भाकरी-भाजी. भाजी शेतकरी आठवडे बाजारातून, त्या त्या दिवसाचे पैसे त्या त्या दिवशी. तिथे एक जुन्नरकडच्या मावशी येतात. पालकाला भोकं दिसली की सरळ सांगतात, "कीड लागलीय, पाच रुपये कमी द्या." अवजारं म्हणाल तर विळी, खवणी, किसणी आणि मोड आणायला जुन्या धोतराचा तुकडा.

परवा मावसबहिणीनं एक जाहिरात पाठवली. "हे कसे आहेत गं? तुला अनुभव आहे ना." नाव नवीन, नंबर नवीन, शेत यावेळी नाशिकजवळचं. 'आमच्या समाधानी ताई' असं शीर्षक, आणि त्याखाली काकडी-बीटाची कोशिंबीर, वर ओलं खोबरं, निळ्या काठाची बशी, कडेला टवका उडालेली.