शक्तिमानचा डिझेल पंप: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

लष्कराच्या लिलावातून निघालेला शक्तिमान ट्रक आमच्याकडे शेतीच्या कामाला आहे. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळी आणि कापूस. काळ्या रानात पाऊस झाला की ट्रॅक्टरची ट्रॉली जिथे रुतते तिथून ही गाडी चारही चाकांच्या जोरावर माल काढून आणते. तिचा इंजेक्शन पंप, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप, टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या मशिनवर) दुरुस्त करून आणला, त्यानंतर एक पुरता उन्हाळा आणि एक पुरता पावसाळा गेला. आता खात्रीने सांगतो: हा पंप आजही दुरुस्त होतो आणि चांगला चालतो. मात्र पंप उतरवण्याआधी त्याच्यापर्यंत डिझेल नीट पोचतंय का, ते बघा. निम्मं दुखणं तिथेच असतं.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५९ पासून हा ट्रक बनू लागला आणि १९९६ पर्यंत बनत राहिला. इंजिन सहा सिलिंडरचं, पंप इनलाइन. म्हणजे सहा सिलिंडरला सहा एलिमेंट (डिझेल दाबणारा दांडा, तो प्लंजर, आणि त्याची नळी, ती बॅरल, अशी जोडी), एका ओळीत. इलेक्ट्रॉनिक काही नाही. जे बिघडतं ते डोळ्यांनी दिसतं आणि हाताला लागतं, हेच मला या पंपाचं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

आमच्या गाडीला दोन तक्रारी होत्या. भरल्या गाडीला चढ आला की दम सोडायची. आणि दुपारच्या उन्हात बंद केली की तासभर सुरूच व्हायची नाही. दोन्ही ऐकून कोणीही म्हणेल, पंप गेला. आमचा ड्रायव्हर मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "भाऊ, गाडी हवा खाई राह्यनी." पहिल्या तक्रारीपुरतं त्याचं बरोबर निघालं.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतलं डिझेल इंजेक्शन पंपाकडे पोचवणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) जी बाजू आहे, तिथली गळती बाहेर दिसत नाही. फीड पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे फट असेल तर डिझेल बाहेर ठिबकण्याऐवजी हवा आत शिरते. पाइप कोरडा ठाक, सगळं ठीक दिसतं, आणि गाडी मरते. यावर सोपा उपाय: फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी जोडायची आणि इंजिन चालू ठेवून बघत राहायचं. आमच्या नळीत बारीक बुडबुड्यांची न तुटणारी रांग दिसली. रबरी पाइप वरून चांगला होता, पण वाकवून धरला तर पोटाला सगळ्या भेगा. तो बदलला, पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे (बँजो बोल्ट) तांब्याचे वॉशरही बदलले. जुने वॉशर दाबून दाबून कडक होतात. नवे मिळाले नाहीत तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावेत, तांबं पुन्हा मऊ होतं. पंपाच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंगही ढिली पडली होती. ती ढिली असली की डिझेल पंपात दाब धरण्याआधीच परत टाकीकडे पळतं, आणि चढावर नेमकं तेच नडतं.

हवा काढताना क्रम पाळा. हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा दट्ट्या) मारत आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, आणि शेवटी सेल्फ मारत नोझलकडचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडचे) नट. त्या नटाशी हात किंवा तोंड नेऊ नका. त्या दाबाची धार कातडी फाडून आत जाते, तिथे दवाखान्याशिवाय इलाज नाही.

एवढ्यावर चढाची तक्रार गेली. गरम गाडी सुरू न होण्याची राहिली, आणि ती खरोखर पंपाची होती. एलिमेंटमधला प्लंजर आणि बॅरल यांच्यात जागा असते दोन-चार मायक्रॉनची. झीज झाली की थंड, दाट डिझेल कसंबसं दाबलं जातं, पण तापून पातळ झालेलं फटीतून निसटतं. सेल्फच्या कमी फेऱ्यांवर नोझल उघडण्याइतका दाब बनत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा हे दुखणं सगळ्यात आधी बाहेर येतं. इंजिन बंद असताना पंपावर ओलं फडकं टाकलं, थोडा वेळ थांबलो, गाडी सुरू झाली. (चालू, तापलेल्या पंपावर गार पाणी ओतू नका, प्लंजर जाम होऊ शकतो.) दुसरी खूण पंपाच्या तेलात होती: पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास.

पंप धुळ्याला नेला. मिस्त्रींनी प्लंजर काढून उन्हात धरायला लावला. चकचकीत पोलादावर तिरप्या खाचेजवळ नखाएवढा मळकट, उभ्या ओरखड्यांचा पट्टा. बोट फिरवलं तर काही लागत नाही, पण डिझेल तिथूनच पळत होतं. सहाही एलिमेंट जोडीनेच नवे टाकले. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये कधीच घालायचा नाही. नंतर बेंचवर, चाळीस अंशांच्या टेस्ट ऑइलवर, सहाही नळ्यांत माप सारखं होईपर्यंत त्यांनी पंप सोडला नाही. नोझलही सोबत तपासून घ्या, नाहीतर काम अर्धं राहतं. गाडीवर चढवताना टायमिंग (डिझेल कधी सुटायचं ती वेळ) थेंबावर लावलं: पहिल्या एलिमेंटच्या वरचा, डिझेल बाहेर सोडणारा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे वाकडी नळी बसवायची, हँड प्रायमर मारत इंजिन हळूहळू फिरवायचं, आणि धार तुटून थेंब पडू लागला की तिथे खूण जुळवायची.

आजची स्थिती: भर दुपारीही गाडी पहिल्या सेल्फला उठते. लळिंगच्या घाटात भरली गाडी पूर्वीसारखी गिअर मागत नाही, धूरही हलका झालाय. उणं म्हणजे सकाळी थंड असताना आयडलिंग अजून थोडं वर-खाली होतं. गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) झिजलेल्या बुशांच्या जागी नवे मिळाले नाहीत, आणि सुट्या भागांसाठी वाट बघावी लागते हा या पंपाचा खरा त्रास आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला फिल्टरच्या तळाचं पाणी काढतो आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवतो, म्हणजे रात्री आत दव धरत नाही. सुट्या कॅनमधलं स्वस्त डिझेल पूर्ण बंद. रॉकेलची भेसळ असली की वंगण कमी पडतं आणि नवे एलिमेंटही लवकर जातात.

लिलावातून अशी गाडी घेणार असाल तर एक तपासणी सुरू करण्याआधीच करा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) गंजून अडकतो, आणि तो फुल डिझेलवर अडकला असेल तर इंजिन सुरू होताच सुसाट सुटतं, चावीने थांबत नाही. पंपाची बाजूची प्लेट उघडा, बोटाने रॅक मागेपुढे सरकवून बघा. पहिल्यांदा सुरू करताना एअर इनटेकचं तोंड झाकता येईल अशी फळी घेऊन एक माणूस तिथे उभा ठेवा. रॅक जरासाही अडकत असेल तर सेल्फ मारू नका, गाडी टोचन करून आणा.