जेटी-ओपन: जुन्या एएस/४०० ला जावाशी जोडताना

एएस/४०० हा आयबीएमचा धंद्याच्या कामांसाठीचा संगणक १९८८ साली आला, आज त्याच घराण्याचं नाव आयबीएम आय आहे. त्यावर आरपीजी या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले ऑर्डरचे आणि साठ्याचे प्रोग्राम अजून बिनबोभाट चालतात, आणि आता वेबसाइटला नि मोबाइल ॲपला त्यांच्याकडून काम करून घ्यायचं असतं. माझी नोकरीच ही आहे. त्यासाठी मी जेटी-ओपन ही मुक्त स्रोत जावा लायब्ररी वापरते आणि मनापासून सुचवते.

बरेच जण तिच्यातला फक्त जेडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे जावातून थेट डेटाबेसशी बोलणारा भाग, घेतात. अहवाल काढायला, यादी दाखवायला तो उत्तमच आहे. पण त्यातून थेट टेबलात ऑर्डर घालणं मला अजिबात पटत नाही. उधारीची मर्यादा तपासायची, माल राखून ठेवायचा, हे नियम बहुतेक वेळा आरपीजी प्रोग्राममध्ये असतात, टेबलात नसतात. ऑर्डरची नोंद पडते, पण माल कुणीच राखत नाही. हिरव्या स्क्रीनवरची, म्हणजे जुन्या टर्मिनलच्या पडद्यावरची, अक्षरं ओळ-रकान्याने उचलणं तर त्याहून वाईट. कुणी एक फील्ड दोन घरं सरकवलं की सगळं बंद.

म्हणून माझ्या लेखी हिचं खरं मोल प्रोग्रामकॉल या क्लासमध्ये आहे. जुना प्रोग्राम आहे तसाच बोलवायचा. रूपांतराचं किचकट काम लायब्ररी करते: १२३४५.६७ ही रक्कम पॅक्ड डेसिमलमध्ये (एका बाइटात दोन अंक ठेवायच्या पद्धतीत) ४ बाइटांत बसते, १२ ३४ ५६ ७एफ अशी. शेवटचा अर्धा बाइट चिन्हाचा, ऋण असेल तर तिथे डी. दशांशचिन्ह कुठेच साठवलेलं नसतं, ते कितव्या जागी हे तुम्ही सांगायचं. पॅरामीटर जास्त असतील तर हाताने लिहीत बसू नका. आरपीजी कंपायलरकडूनच पीसीएमएल फाइल, म्हणजे पॅरामीटरचं वर्णन असलेली फाइल, काढून घ्या, लांबी आणि दशांश त्यात बरोबर येतात. तारखा मात्र तुमच्याच गळ्यात. १२४०३१५ म्हणजे १५ मार्च २०२४, पहिला १ शतकाचा. हे लायब्ररीला कळायचा मार्ग नाही, तिच्या दृष्टीने तो साधा आकडा.

कनेक्शन पूल, म्हणजे उघडी कनेक्शन्स आळीपाळीने सगळ्यांना वापरायला देणं, लावणार असाल तर आधी आरपीजी उघडून बघा. प्रोग्राम एलआर इंडिकेटर (‘काम संपलं, आवरून घे’ ही आरपीजीतली खूण) चालू न करता परतला, तर त्याची व्हेरिएबल्स त्या जॉबमध्ये, म्हणजे सर्व्हरवर त्या कनेक्शनसाठी चालणाऱ्या प्रोसेसमध्ये, तशीच राहतात. टर्मिनलवर एका माणसाचा एक जॉब असायचा, तेव्हा हे चालून जायचं, वेगही मिळायचा. पूलमध्ये तोच जॉब पुढच्या ग्राहकाला मिळतो, आणि आधीच्याची सवलत त्याच्या बिलात उतरू शकते. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला सगळी फील्ड्स कोरी करून घ्यायला आरपीजीवाल्यांना सांगा. चाचणी एकाच युजरने केली तर हे कधीच दिसणार नाही.

जुन्या फाइलींतल्या नावांऐवजी हेक्स आकडे दिसले तर त्या फील्डचा सीसीएसआयडी (अक्षरं कोणत्या संकेतात आहेत ते सांगणारा क्रमांक) ६५५३५ आहे का बघा. तो असला की ड्रायव्हर मजकूर बायनरी समजून ईबीसीडिक, म्हणजे आयबीएमचा जुना अक्षरसंकेत, तसाच पुढे ढकलतो. कनेक्शनमध्ये ‘ट्रान्सलेट बायनरी’ ट्रू केलं की काम होतं.

एक गोष्ट मात्र खुपते. सर्व्हिस प्रोग्राम, म्हणजे अनेक प्रोसीजर एकत्र ठेवलेली सामायिक लायब्ररी, थेट बोलवताना ७ च पॅरामीटर देता येतात आणि परत येतो तो फक्त पूर्णांक. त्यावर मी छोटा आरपीजी प्रोग्राम मध्ये घालते आणि तोच बोलवते. साध्या प्रोग्रामला ३५ पर्यंत पॅरामीटर चालतात.