लॅमिंग्टन रोडवरील लॅपटॉप दुरुस्ती: जिथे फॉरमॅटचा विषय शेवटी निघतो

लॅपटॉप नीट सुरू होत नाही अशी तक्रार घेऊन गेल्यावर बहुतेक ठिकाणी ‘विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावा लागेल’ एवढेच ऐकायला मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या इमारतीतील या लहानशा दुरुस्ती केंद्रात मात्र आधी तपासणी होते, आणि तीही ग्राहकाच्या डोळ्यांदेखत.

माझ्या लॅपटॉपवर कंपनीचे बोधचिन्ह दिसे, ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राही आणि मग तो आपोआप पुन्हा सुरू होई. कारागिराने मागचे झाकण उघडून बॅटरीची पिन काढली, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसल्या आणि ती परत बसवली. एवढ्याने भागले नाही, तेव्हा त्याने पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली चालवली. ती सुरळीत चालली, त्याअर्थी मदरबोर्ड बहुधा ठीक होता आणि संशय एसएसडीवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या डिस्कवर आला. तिच्या अंतर्गत नोंदी वाचल्यावर तो खराही ठरला. अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर ‘स्टार्टअप रिपेअर’ किंवा ‘चेकडिस्क’ ही विंडोजची दुरुस्तीची साधने पुन्हा पुन्हा चालवल्यास उरलासुरला डेटाही हातचा जाऊ शकतो, म्हणून आधी डेटा काढून घेऊ, मग बाकीचे पाहू, हा त्याचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटला.

डेटा काढताना बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 अंकी रिकव्हरी की लागली. विंडोज 11 असलेल्या अनेक लॅपटॉपांत हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते आणि किल्ली बहुधा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. तेव्हा त्या खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवूनच दुकानाची पायरी चढावी. हे त्यांनी फोनवरच सांगितले असते, तर माझा एक हेलपाटा वाचला असता.

तपासणीचे शुल्क आधी सांगितले जाते आणि काम दिल्यास ते बिलातून वळते होते. जुनी एसएसडीही न मागता परत मिळाली. निरोप देण्याच्या बाबतीत मात्र आनंदच आहे: काम झाल्याचे कळवत नाहीत, आणि वॉरंटीसाठी लागणारा नव्या एसएसडीचा सिरियल नंबर पावतीवर मला मागून लिहून घ्यावा लागला. मदरबोर्डवरच्या चिपचे काम ते बाहेर पाठवतात, त्यामुळे चार्जर बदलूनही दिवाच लागत नसेल, तर थेट तसे काम करणाऱ्याकडे गेलेले बरे.