जुन्या कनूच्या झिजलेल्या तळाला जी-फ्लेक्स

आमची कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) १६ फुटी, सेकंडहँड घेतलेली. ती रॉयलेक्सची, म्हणजे व्हिनाइल, एबीएस प्लास्टिक आणि फोम यांच्या थरांची. ऑगस्टमध्ये इथल्या, कॅनडातल्या ऑन्टारियोच्या, ग्रँड नदीचं पाणी उतरतं. पॅरिस ते ब्रँटफर्डच्या टप्प्यात गोटे वर येतात आणि तळ खरवडत जातो. गेल्या वर्षी दोन्ही टोकांची वरची व्हिनाइलची कातडी गेली, खालचं एबीएस उघडं पडलं. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, तर आतला फोम अंगठ्याने दबत होता. रॉयलेक्सचं उत्पादन २०१४ मध्येच बंद झालंय. अशी कनू टाकून देववत नाही.

टोकांना चिकटवायचे केव्हलरचे (चिवट कृत्रिम धाग्याचे) तयार पट्टे मी मित्राच्या कनूवर पाहिलेत. जाड, कडा उभ्या, आणि घासले की लव सुटते. मला ते नको होते. म्हणून वेस्ट सिस्टीम कंपनीचं जी-फ्लेक्स ६५० हे इपॉक्सी (दोन द्रव मिसळून घट्ट होणारं चिकट रसायन) आणि डायनेल हे कृत्रिम धाग्याचं कापड घेतलं.

हे इपॉक्सी वाळल्यावरही थोडं लवचीक राहतं, आणि रॉयलेक्सला तेच हवं, कारण दगडावर आपटला की हा तळ आत दबतो नि परत बाहेर येतो. दोन्ही बाटल्यांतलं समसमान घ्यायचं, त्यामुळे मापात चूक होत नाही. मिसळल्यावर हाताशी पाऊण तास असतो. आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, स्पिरिटने पुसलं. फोमच्या खड्ड्यात सिलिकाची पूड मिसळून इपॉक्सी पुट्टीसारखं घट्ट करून भरलं. कापड तिरकं कापा, तरच ते नाळेच्या वळणावर चुण्या न पडता बसतं. डायनेल इपॉक्सी पिऊन फुगतं, म्हणून वरून पील प्लाय (वाळल्यावर सोलून काढायचं कापड) दाबून बसवणं अजिबात टाळू नका. माझ्या कडा त्यामुळेच सपाट आल्या.

गॅरेजमध्ये मे महिन्याचा गारठा होता, म्हणून दोन दिवस हात लावला नाही. मग रंग दिला. उन्हात इपॉक्सी उघडं ठेवलं तर खराब होतं. ब्रश फिरवताना देवगडचं आजोळ आठवलं. तिथे पावसाळ्याआधी होडी उपडी घालून तिला काजूच्या टरफलांचं तेल चोळायचे. तो उग्र वास अजून नाकात आहे.

तक्रार एकच: महाग आहे. ८ औंसांचा संच दोन्ही टोकांना पुरला, मधल्या तळाला उरला नाही. पण या ऑगस्टमध्ये त्याच गोट्यांवरून चार वेळा गेलो. रंग खरवडला, कापडाचा एक धागाही उसवला नाही. मधल्या भागासाठी दुसरा संच मागवलाय.