राणीचं तळहाताएवढं प्रार्थनापुस्तक: काही महिने रोज पाहिल्यानंतर

न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फ्रान्सची राणी ज्याँ द'एव्ह्रच्या प्रार्थनापुस्तकाची छायाचित्रं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. गेले काही महिने मी ती टॅबवर जवळजवळ रोज उघडते. मध्ययुगीन चित्रकलेची आवड असेल त्याने ती जरूर पाहावीत, आणि सावकाश पाहावीत.

पॅरिसच्या ज्याँ प्युसेलने 1324 ते 1328 च्या दरम्यान हे पुस्तक रंगवलं. पान जेमतेम 9 सेंटिमीटर उंच. आकृत्या राखाडी छटांत, रंग अगदी बेताचा. झूमचा खरा उपयोग इथे कळतो. देवदूत मेरीला येशूच्या जन्माची शुभवार्ता सांगतो ते पान घ्या. खालच्या मोठ्या अक्षराच्या पोटात राणी स्वतः पुस्तक उघडून गुडघे टेकून बसलीय, आणि त्याच्याही खाली काही मंडळी एकाला मधे बसवून खेळ खेळतायत. इतक्या पवित्र प्रसंगाखाली खेळ! मला हे फार आवडतं. राणीच्या प्रार्थनेत रोजचं जगणंही सामावलंय.

याच पानावर मेरीची खोली पाहा. भिंती, छत, आतली खोली, सगळं खोक्यासारखं खोल दिसतं. पॅरिसच्या पुस्तकांत असं तोवर कुणी काढत नव्हतं. ही युक्ती इटलीची. सिएनाच्या कॅथेड्रलसाठी चित्रकार दुच्चोने 1311 मध्ये पूर्ण केलेल्या 'माएस्ता' या वेदीवरच्या चित्रांमधल्या खोल्या शेजारच्या विंडोत उघडून ठेवा, नातं लगेच दिसतं. मी बहुतेक वेळा अशीच पाहते.

पुढचा प्रवास वारशातून झाला. 1371 मध्ये राणी गेली तेव्हा पुस्तक राजा पाचव्या चार्ल्सकडे गेलं, त्यानंतर त्याच्या भावाकडे, बेरीच्या ड्यूक ज्याँकडे. याच ड्यूकने नाइमेगनहून आलेल्या लिंबर्ग बंधू या चित्रकारांना पदरी ठेवलं होतं. तेही इटलीकडे पाहत होते: त्यांच्या एका चित्रातल्या मंदिराच्या पायऱ्या फ्लॉरेन्समधल्या चित्रकार तादेओ गाद्दीच्या भित्तिचित्रावरून आल्या आहेत.

पडद्यावर दोन गोष्टी हरवतात. पुस्तक केवढं चिमुकलं आहे हे डोळ्यांना कळत नाही. पट्टी हातात घेऊन कागदावर चौकोन आखला तेव्हा मला ते पटलं. आणि सोन्याचा वर्ख पान हलवल्यावर चमकतो, तो इथे नुसता पिवळा दिसतो. बाकी तक्रार नाही.

याच संग्रहालयात लिंबर्ग बंधूंनी ड्यूकसाठी रंगवलेलं प्रार्थनापुस्तकही आहे. प्युसेल पाहून झाल्यावर ते घ्या, आणि संत कॅथरीनच्या चित्रमालेपासून सुरुवात करा.