वऱ्हाडातून मुंबईला कार: कोणत्या पुलाचे पैसे वसूल, कोणत्याचे वाया

कारंजा, शेलूबाजार, मेहकर या बाजूनं मुंबईला कार घेऊन जाणाऱ्याला टोलचा खरा फटका बसतो तो समृद्धी महामार्गावर. पुढे परळ, दादर, सीएसएमटी, मंत्रालय, सगळीकडे एक रुपयाही न भरता पोचता येतं. तरी लोक मोबाइल सांगेल तिकडे वळतात आणि नको त्या पुलाचे पैसे मोजतात.

आधी समृद्धी. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा ७६ किमीचा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि ७०१ किमीचा रस्ता पूर्ण झाला. कारला किमीमागे २ रुपये ६ पैसे, म्हणजे नागपूर ते आमणे जवळपास १,४४५ रुपये. पैसे उतरताना कापले जातात, जिथून चढलात तिथपासूनचे. म्हणून चढताना फाटक उघडलं की लगेच सुसाट सुटू नका. फास्टॅग वाचला गेला याची खात्री करा. चढल्याची नोंद नसेल तर उतरताना नाक्यावर हुज्जत ठरलेली. रस्त्याला दहापैकी नऊ. इगतपुरीजवळचा आठेक किमीचा बोगदा कसारा घाटाची कटकटच संपवतो. एक गुण कापला तो पेट्रोल पंप आणि संडासांच्या टंचाईसाठी. टाकी गावातच फुल करा.

टायरकडे मात्र निघायच्या आधी बघाच. गावात तीस-चाळीसच्या वेगानं वर्षानुवर्षं फिरलेलं टायर तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास १२० नं पळवलं की फुटू शकतं. हवा कमी असेल तर ते जास्त दबतं, बाजूनं तापतं आणि तिथूनच जातं. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. एवढं जुनं टायर नक्षी शाबूत दिसली तरी बदला. हवा सकाळी गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलीय तेवढीच भरा.

आमणेला उतरलात की मजा संपली. वडपे, माणकोली, खारेगाव, साकेत पूल, माजिवडा, हा भिवंडी-ठाण्याचा पट्टा म्हणजे गोदामांच्या कंटेनरची रांग. सकाळी आठ ते अकरा इथे सापडलात तर समृद्धीवर वाचवलेला वेळ इथेच जातो. पहाटे पाचला कारंजा सोडलं तर दुपारी आमणे येतं, ते बरं. परळच्या टाटा किंवा केईएम रुग्णालयात सकाळची ओपीडी असेल तर आदल्या दिवशीच पोचा. त्याच सकाळी पोचायचा हिशेब करू नका.

माजिवड्यापुढे ईस्टर्न एक्सप्रेस हायवे धरा. आनंदनगरचा नाका लागेल. मुंबईच्या वेशीवरचे पाच नाके, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन (त्यातलाच एक हा आनंदनगरचा), ऐरोली आणि वाशी, हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ आहेत. आधी कारला ४५ रुपये पडायचे. सरळ सायन, दादर टीटी, हिंदमाता, परळ. जोराचा पाऊस असेल तर हिंदमाताला पाणी तुंबतं, तेवढं विचारून घ्या. सीएसएमटी किंवा मंत्रालयाकडे जायचं तर छेडानगरला ईस्टर्न फ्रीवेची पाटी पकडा, १६.८ किमी, सिग्नल नाही, टोलही नाही. मुंबईतला हा सगळ्यात कामाचा रस्ता, आणि बाहेरगावच्यांना नेमका हाच माहीत नसतो.

आता अटल सेतू. २१.८ किमी लांब, त्यातला १६.५ समुद्रावर, १२ जानेवारी २०२४ ला उघडला. कारला एका वेळचे २५०, जाऊन-येऊन ३७५. पूल देखणा आहे, प्रश्नच नाही. पण तो चिर्ले-उलव्याकडून शिवडीला येतो, आणि आपण येतो ठाण्याकडून. त्यासाठी पनवेलपर्यंत वळसा घालणं म्हणजे वेळ, डिझेल आणि वर अडीचशे. पुण्याहून किंवा उरणकडून येत असाल तर मात्र घ्या. शिवडीला उतरलं की परळ अगदी जवळ. खारघरच्या अॅक्ट्रेकजवळ (टाटाचंच कॅन्सर केंद्र) मुक्काम आणि परळला तपासणी, अशी धावपळ असणाऱ्यांनी दिवसा उजेडी वाशीचा खाडीपूलच घ्यावा. फुकट आहे आणि खारघरहून सरळ रस्त्यावर पडतो. गर्दीच्या वेळी, पेशंटला धक्के सोसत नसतील, तर अडीचशे दिले तरी हरकत नाही. शिवडीहून पुढे वरळी-प्रभादेवीला जायचं असेल तर एल्फिन्स्टनचा पूल १२ सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद केलाय हे लक्षात ठेवा. दादरच्या टिळक पुलावरून किंवा करी रोडवरून फिरावं लागतं.

सी लिंकला कारचे एका वेळचे १०० रुपये. वांद्रे ते वरळी हा एवढाच त्याचा उपयोग. विमानतळाकडून हाजी अली किंवा मरीन ड्राइव्हला जायचं असेल तर पैसे वसूल, कारण पुढे कोस्टल रोडला जोडलाय आणि कोस्टल रोडला टोल नाही. परळला जाणाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पोरांना दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

संत्री घेऊन वाशीच्या एपीएमसीला जाणाऱ्या पिकअपवाल्यांनी मुंबईत शिरायचंच नाही. खारेगावहून कळवा, विटावा, ठाणे-बेलापूर रस्ता, तुर्भे. ऐरोलीचा नाका पुलाच्या रस्त्यावर आणि वाशीचा खाडीपुलाच्या; बाजार दोन्हींच्या अलीकडे.

मॅपची एक खोड सांभाळा. ‘टोल टाळा’ चालू असेल तर तो समृद्धीच गाळतो आणि जुन्या रस्त्यानं फिरवतो. आमणेपर्यंत ते बंद ठेवा, आमणेला उतरल्यावर चालू करा. मग तो ना सेतू दाखवतो, ना सी लिंक.

फास्टॅगचा वर्षाचा पास काढलाय म्हणून निर्धास्त राहू नका. तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो. समृद्धी, अटल सेतू, सी लिंक राज्याच्या हातातले, तिथे पैसे शिल्लकीतूनच कापले जातात. जाऊन-येऊन दोन्हीकडचा टोल आणि वर पाचशे एवढी शिल्लक घरूनच ठेवा, कारण शिल्लक संपून टॅग काळ्या यादीत गेला की नाक्यावर उभं राहून केलेला रिचार्ज लगेच लागेलच असं नाही. टॅग काचेला चिकटवलेला हवा, हातात धरून दाखवायचा नाही. नव्या गाडीचा टॅग चेसिस नंबरवर निघाला असेल तर बँकेत गाडीचा नंबर चढवून घ्या.

परळला गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील. पेशंट चालता-फिरता असेल तर गाडी ठाण्यात ठेवून स्लो लोकलनं परळला उतरा. फास्ट पकडलीत तर दादरला उतरून मागाहून येणारी स्लो धरावी लागेल.